बोट परत : होय

राजमतीनं फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"एलसी परत आल्याशिवाय लाईन चालू व्हणार न्हाय, साहेब. तुम्ही म्हणा न्हायतर कलेक्टर म्हणू देत."

पलीकडं पाणीपुरवठ्याचे अभियंते होते. त्यांनी चार दिवसांपूर्वीच पंप गाळातून काढून, धुऊन, वाळवून परत बसवले होते. नदीकाठच्या जॅकवेलला, म्हणजे पंपांच्या विहिरीला, वीज मिळाली की अकरा गावांना पाणी सुटणार होतं. ती वीज जायची राजमतीच्या उपकेंद्रातून, आणि उपकेंद्रातल्या त्या लाईनच्या, म्हणजे फीडरच्या, हँडलला कुलूप होतं. कुलपावर लाल पाटी, पाटीवर खडूनं लिहिलेलं नाव : जोतीराम.

जोतीराम आजऱ्याकडचा वायरमन. पूर ओसरल्यावर बाहेरून मदतीला जी पथकं आली, त्यांतला. सकाळी साडेसातला त्यानं राजमतीच्या वहीत सही करून लाईन बंद करून घेतली, म्हणजे एलसी घेतली, आणि केरबा नावाच्या सोबत्याबरोबर तो बोटीनं ओढ्यापलीकडं गेला. तिथल्या उसात अजून छातीएवढं पाणी होतं आणि शेवटच्या पाच खांबांवरच्या तारा जोडायच्या राहिल्या होत्या. नियम साधा आहे. ज्यानं सही करून लाईन बंद करून घेतली, त्यानंच खाली उतरल्यावर ती परत करायची. दुसऱ्या कुणाची सही चालत नाही. एरवी ओळखीचा आवाज असला तर फोनवरही परत घेतात, पण पलीकडचे टॉवर आठवडाभर बंदच होते.

तिनं फोन ठेवला तोच परत वाजला. आता सासूबाई होत्या. घर गाळात असल्यानं त्या आणि दहा वर्षांची रुचिता गावातल्या शाळेच्या छावणीत राहत होत्या.

"रुचिताचं पोट थांबंना. डॉक्टरनं दुसरं सलाईन लावलंय."

"पाणी उकळून देताय न्हवं, अव्वा?"

"कशावर उकळू? दीडशे माणसांत दोन शेगड्या हायत. टँकर यीना झालाय."

"येईल. सांगितलंय मी."

"काल बी हेच म्हणालीस. हितं सगळी म्हणतात, चावी तुझ्याच हातात हाय. मग सोड की गं."

चावी खरंच राजमतीच्या हातात होती. तिचा वळ तळव्यावर उमटला होता.

टँकर का येत नव्हता, तर रस्त्यावर खांब आडवा पडला होता. खांब वीज खात्याचा, म्हणून बांधकाम खात्याची माणसं त्याला हात लावत नव्हती. वीज खात्याची क्रेन रस्ता खचलाय म्हणून येत नव्हती आणि रस्ता बांधकामवाल्यांचा. हे सगळं जुळवायला 'समन्वय कक्ष' काढला होता. त्याच्या ग्रुपवर दोनशे अकरा माणसं होती. कुणी काहीही टाकलं की खाली पन्नास अंगठे उमटायचे. त्यातला एक जरी अंगठा खांबाला लागला असता, तरी टँकर कधीच गावात पोचला असता. राजमतीला त्या अंगठ्यांची शिसारी आली होती.

दहाला गेटात जीप थांबली. समन्वय अधिकारी उदयसिंह सरनोबत उतरले. माणूस वाईट नव्हता. तीन रात्री झोपला नव्हता, बुटांवर चिखल वाळला होता. पण आत येताना त्यांची नजर राजमतीकडं नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडं होती.

"मॅडम, अकराला वरून आढावा आहे. तेवीस फीडरपैकी बावीस हिरवे झालेत. तुमचा एकटाच लाल."

"लाल हाय तर लाल दाखवा की."

"माणसं परत आलीत. हे बघा." त्यांनी फोन पुढं धरला. समन्वय कक्षाचा तक्ता होता. ओढ्यापलीकडच्या कामापुढं लिहिलं होतं : बोट परत : होय. वेळ ८.५०.

राजमतीनं तक्ता वर सरकवला, खाली सरकवला.

"ही बोट झाली. माणसं कुठल्या रकान्यात हायत?"

"बोट आली म्हणजे माणसं आलीच ना. ती काय पोहत येणार आहेत?"

"मग सही करायला का आली न्हाईत?"

"दमली असतील. पडली असतील कुठंतरी. पथकांच्या कॅम्पवर माणूस पाठवलाय मी."

"सापडली की घेऊन या. दोन मिनिटांचं काम हाय."

सरनोबतांनी कपाळ चोळलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमची मुलगी आजारी आहे असं कळलं. स्वतःच्या लेकराचा तरी विचार करा."

राजमती खुर्चीवरून उठली. रागानं तिचे कान तापले होते. या माणसाला टँकरचा पत्ता नव्हता, बोटीतल्या माणसांचा पत्ता नव्हता, पण तिच्या लेकीचं सलाईन बरोबर माहीत होतं.

"तिचं नाव काढू नका," ती म्हणाली. "लाईन सोडायचीय न्हवं? लिहून द्या. नाव घालून, वेळ घालून."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर उभ्या उभ्याच लिहिलं. 'जॅकवेल फीडरवरील सर्व कर्मचारी सुरक्षित परत आले आहेत. वायरमन जोतीराम यांची एलसी माझ्या जबाबदारीवर रद्द समजून लाईन त्वरित चालू करावी.' खाली सही. वेळ दहा वाजून दहा मिनिटं. कुठं खाडाखोड नाही.

राजमतीनं तो कागद दोनदा वाचला. मग वहीत सकाळची जोतीरामची सही होती तेच पान उघडलं, कागदाच्या पाठीला डिंक लावला आणि सहीच्या शेजारी चिकटवून वरून मूठ दाबली.

"हं. सोडा आता."

"न्हाय."

"अहो, लिहून दिलं की!"

"मला वाटलं, लिहायच्या वक्ताला तरी तुमचा हात थांबंल."

सरनोबत निलंबनाचं बोलले, संध्याकाळपर्यंत ऑर्डर येईल म्हणाले, अकरा गावांच्या हालांचं खापर कुणावर फुटेल तेही बोलले. राजमती दारात उभी राहून ऐकत होती. पदराच्या टोकाला तिनं चावीची गाठ मारली होती. ते दमले तेव्हा बाहेर गेले, जीपमध्ये बसले आणि अकराचा आढावा तिथूनच दिला. आढाव्यात तिचा फीडर हिरवा झाला. ग्रुपवर तक्ता आला, तेवीसपैकी तेवीस, खाली टाळ्यांची रांग. हँडलला कुलूप होतं तसंच होतं, नळ कोरडे होते तसेच होते. राजमतीनं ते बघितलं आणि फोन टेबलावर पालथा टाकला.

बाराला अव्वांचा फोन आला. तिनं घेतला नाही. पुन्हा आला, तेव्हा घेतला. रुचिता झोपली होती. एवढंच सांगून अव्वांनी ठेवून दिला.

एक वाजून गेला होता. गेटातून दोन माणसं चालत आली. छातीपर्यंत गाळ, उसाच्या पात्यांनी चिरलेले हात. पुढचा जोतीराम होता.

"बाई, एलसी परत घ्या," तो म्हणाला आणि पायरीवर बसला.

"चालत आलासा?"

"काय करायचं? आम्हाला सोडून बोट गेली ती आलीच न्हाय. पाहणीवाली साहेबलोकं आल्यात, त्यांच्यासाठी तिकडं न्हेली म्हणं, वाटंत कळलं. साडेधाला काम उरकलं, घटकाभर वाट बघितली. मग वरच्या पुलावरनं आलो."

"नऊ किलोमीटर हाय ते."

"व्हय. ह्यो केरबा मोजत आलाय," जोतीराम म्हणाला.

राजमतीनं आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं अर्धी पिऊन केरबाकडं दिली. मग टेबलापाशी आला. तिनं वही उघडली. सही कुठं करायची ते तिनं बोटानं दाखवलं, पण त्याची नजर शेजारच्या कागदावर गेली होती. तो सावकाश, ओठ हलवत वाचू लागला. नावापाशी थांबला. मग सहीच्या खालची वेळ वाचली.

"हे मीच का?"

"तूच."

त्यानं पँटला हात पुसला. हात काही स्वच्छ झाला नाही. पेन घेऊन त्यानं त्या कागदाखाली, पानावरच्या मोकळ्या जागेत, एकेक अक्षर दाबून लिहिलं. '१०.१० ला मी शेवटच्या खांबावर होतो. दोन्ही हात तारेला होते.' त्याखाली सही केली. मग त्याच्याच खाली एलसी परत केल्याची सही केली, वेळ घातली आणि पेन जागेवर ठेवलं.

राजमतीनं पदराची गाठ सोडली. कुलूप काढलं, पाटी उतरवली, हँडल ओढलं. आवारातून घुमारा उठला. पाच मिनिटांत पाणीपुरवठ्याचा फोन आला, पंप चालू झाला होता. तिनं शाळेत फोन लावला.

"अव्वा, सुटतंय पाणी. पहिलं गढूळ यील, ते धरू नका."

पंपाची बातमी जीपमध्येही पोचली असावी. सरनोबत आत आले. जोतीरामला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि थबकले. मग ते टेबलापाशी आले, पालथ्या हातानं घाम पुसला.

"तो मघाचा कागद द्या, मॅडम. आता त्याची गरज नाही."

"चिकटवलाय."

"मग पान फाडा."

राजमतीनं वही त्यांच्याकडं फिरवली. त्यांनी वाचलं. त्यांच्या सहीच्या खाली चिखलाची बोटं उमटली होती, त्याखाली जोतीरामच्या दोन ओळी, त्याखाली परतीची सही.

"एलसी ह्याच पानावर परत झालीय, साहेब," ती म्हणाली. "पान गेलं तर एलसी परत झालीच न्हाय. मग मला लाईन बंद करावी लागंल. करू?"

सरनोबतांनी वहीकडं नेलेला हात मागं घेतला.