चौदावा फर्मा

सूतगिरणीच्या संपावरचं पुस्तक लिहायला सरांना बावीस वर्षं लागली. तेवढ्या काळात त्यांनी जगभरच्या डाव्या चळवळींची इतकी पुस्तकं घरात आणली की पलंगाखाली झाडू जाईनासा झाला. दर गुरुवारी त्यांच्याकडे अभ्यास मंडळ भरायचं. आठ-नऊ माणसं श्रमाच्या मोलावर घसा कोरडा होईपर्यंत बोलायची आणि चहाचे कप जिथल्या तिथे टाकून घरी जायची.

पुस्तकातल्या एका गोष्टीचा सरांना फार अभिमान होता. ज्यांनी संप मोडून आत जाऊन काम केलं, त्या त्रेचाळीस जणांची यादी त्यांनी हुडकून काढली होती, बापाच्या नावांसकट, आणि ती पुस्तकाच्या अगदी शेवटी छापली होती. संपफोड्यांना इतिहासात लपायला कोपरा मिळता कामा नये, असं ते बोट उगारून सांगत.

प्रकाशन रविवारी संध्याकाळी होतं. शनिवारी दुपारी सर बाइंडिंगखान्यात पोचले, तेव्हा मालक कपाळाला हात लावून बसला होता. शेवटचे दोन फर्मे छापखान्यातून तासाभरापूर्वीच आले होते. उद्या सकाळी येऊन काम उरका, असं त्याने घडी घालणाऱ्या बायकांना सांगितलं होतं, आणि बायकांनी साफ नाही म्हटलं होतं. गेले तीन रविवार त्याने असेच खाल्ले होते.

प्रमुख पाहुणे येणार, पत्रिका वाटून झालेल्या, आणि पुस्तकाचाच पत्ता नाही.

मालक म्हणाला, "तुम्हीच समजवा. तुमचं ऐकतील. पुस्तक वाचलंय त्यांनी."

हे मात्र सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण ते खरं होतं. छापलेल्या एका मोठ्या कागदावर सोळा पानं असतात, त्यालाच फर्मा म्हणायचं. तीन घड्या घातल्या की त्याची लहानशी वही होते. सहा बायकांकडे दोन-दोन फर्मे होते. जिच्या हाती जो फर्मा, तिने तेवढाच वाचलेला. एकीला गिरणीमालकाचा बंगला पाठ, दुसरीला पोलीस. मग डबा खाताना सगळ्या आपापला तुकडा सांगायच्या आणि संप पुढे सरकायचा. अभ्यास मंडळात बावीस वर्षांत एवढ्या आवडीने कोणी काही ऐकलं नव्हतं.

सर आत गेले. सगळ्यांत जुन्या काकू होत्या, त्यांच्यासमोर उभे राहिले. हे पुस्तक म्हणजे तुमचाच आवाज आहे वगैरे सांगून झालं. काकू घडीवर ती दाबायची हाडाची पट्टी फिरवत राहिल्या. शेवटी सर मुद्द्यावर आले.

"काकू, फक्त हा एकच रविवार. आपण सगळे एका कुटुंबातले. घरचं कार्य असलं की..."

"...की कोणी सुट्टी मागतं का," काकूंनी वाक्य पुरं केलं. "एकेचाळिसावं पान. गिरणीचा मालक असंच म्हणतो."

बाकीच्या पाचजणी खाली मान घालून हसल्या. सरांचे कान तापले. ते वाक्य शोधायला त्यांनी जुनी कागदपत्रं दोन वर्षं उपसली होती.

मग काकूंनी विचारलं, "पण सर, शेवटी काय होतं? ते फर्मे आत्ताच आलेत. जिंकतात का?"

सरांना वाट सापडली. गिरणी कामगार हरले होते, आणि त्या पराभवावर लिहिताना सर स्वतः रडले होते. आता तोच पराभव त्यांनी घाईघाईने पुढे केला. हरले, अकरा आठवडे उपाशी राहून मुकाट्याने परत आले, म्हणून उगाच ताणण्यात अर्थ नसतो, असं ते जवळजवळ आनंदाने म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द मागे घेण्याइतकी नाही.

"हरले कशाने?"

"फूट पडली. काहीजण आत गेले."

"आम्ही सहाच आहोत," काकू म्हणाल्या. "आमच्यात कोण जाणार?" पाच वाजले. पदर झटकून सगळ्या उठल्या.

त्यांच्यातलं कोणी गेलं नाही. रविवारी सकाळी सात वाजता अभ्यास मंडळ गेलं. पन्नास प्रती तरी तयार व्हायला हव्यात, असा सरांनी सगळ्यांना फोन केला होता. सदस्यांनी बाह्या सरसावून घड्या घातल्या, फर्मे ओळीने रचले. शिवायचं, चिकटवायचं काम मालकाने केलं. दहाच्या सुमाराला सगळ्यांच्या पाठी धरल्या. दोघांचा सामूहिक नेतृत्वावरून वाद झाला, आणि त्या गडबडीत शेवटचे दोन फर्मे मध्येच, सातव्याच्या आधी लागले. प्रत्येक प्रतीत.

संध्याकाळी पाहुण्यांनी शेवटचं पान मोठ्याने वाचलं, म्हणजे बाराव्या फर्म्याचं. फाटक बंद आहे, कामगार बाहेर बसलेत, कोणी उठत नाही. इथे लेखकाने पुस्तक संपवलं ही त्याची हिंमत आहे, असं पाहुणे म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी उठून हात जोडले.

सोमवारी ते उरलेल्या एकतीस प्रती दोन पिशव्यांत भरून बाइंडिंगखान्यात आले. उसवून नीट लावून द्या, म्हणाले. काकूंनी एक प्रत उघडली, वाकड्या घडीवरून अंगठा फिरवला आणि ही कोणाची म्हणून विचारलं. अभ्यास मंडळाची, मालकाने सांगून टाकलं.

काकू पानं उलटत पुस्तकाच्या मध्यावर आल्या. चौदावा फर्मा त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्रेचाळीस नावं त्यांनी बोट ठेवून एकेक वाचली, बापांच्या नावांसकट. सर उभेच होते.

"खाली अर्धं पान कोरं आहे, सर," त्या म्हणाल्या. "मंडळात एकूण किती जण?"

आणि सुरी घेऊन त्यांनी शिवण उसवायला सुरुवात केली.