पहिली पसंती

"उस्ताद, तुम्हाला मुक्कामी गाडी? आता?" चष्मेवाल्या ड्रायव्हरने मोबाइल लांब धरून ड्युट्यांची यादी पुन्हा वाचली. "आणि मला हॉस्पिटलची फेरी! आयला, कमाल आहे."

उस्ताद डेपोतल्या बाकावर टेकले.

हॉस्पिटलची फेरी त्यांच्या दारावरून जायची. बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. निवृत्तीआधीचे हे शेवटचे महिने तिला आपल्या गाडीत पहिल्या सीटवर बसवून न्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मुक्कामी गाडी दुपारी निघून डोंगरापलीकडे जायची आणि दुसऱ्या दिवशी परतायची. पुढच्या ड्युट्या लागेपर्यंत उस्ताद निवृत्त झालेले असणार होते.

हवं ते मागायचं नसतं, ही त्यांची उभ्या नोकरीची कमाई. जुने साहेब अर्ज बारकाईने वाचत, माणसाला नेमकं काय हवंय ते ओळखत आणि तेवढं सोडून काहीही देत. त्यात दुष्टपणा नव्हता. अधिकार वापरला नाही तर गंजतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यामुळे रविवारी घरी राहायचं असलं की उस्ताद रविवारची जादा ड्युटी मागत, आणि साहेब त्यांना तडक घरी बसवत. अख्ख्या डेपोने ही विद्या त्यांच्याकडून घेतली. उस्ताद हे नाव त्यातूनच पडलं.

पुढे साहेब गेले, कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर एक मॅडम आल्या. "प्रत्येकाने पसंतीच्या क्रमाने ड्युट्या भरायच्या," त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. "यामागे गेम थिअरी आहे."

"म्हणजे पत्ते का?" मागून कुणीतरी विचारलं.

"पत्तेच समजा. पण आपले पत्ते उघडे टाकणाऱ्याचं नुकसान होणार नाही, असे नियम बांधलेत. दुसरा काय भरेल याचा विचारच करू नका. मनात आहे ते भरा."

उस्तादांनी मनातल्या मनात दाद दिली. बाई साहेबांपेक्षा पोचलेली दिसत होती. घरी जाऊन त्यांनी मुक्कामी गाडी सर्वांत वर टाकली आणि हॉस्पिटलची फेरी सर्वांत खाली. चष्मेवाल्याने मनातलं तसंच्या तसं भरलं होतं. डोकं लढवायचा त्याला मुळातच कंटाळा.

उस्ताद मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"काका, काही चुकलं का?"

"मला हॉस्पिटलची हवी होती."

"पण तुम्ही तर ती शेवटी भरलीत!"

"हो. हवी होती म्हणूनच."

मॅडमनी स्क्रीनवर त्यांनी भरलेला क्रम पुन्हा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, कॉम्प्युटर आधी सर्वांत जुन्या माणसाला विचारतो. सर्वांत जुने तुम्ही. पहिलं जे भराल ते तुमचंच होतं. तुमच्या वाटेत कुणी नव्हतंच."

वाटेत कुणी नाही, ही शक्यता उस्तादांनी इतक्या वर्षांत कधी धरलीच नव्हती.

"ती फेरी ज्याला लागलीय तो अदलाबदल करत असेल तर सांगा, आत्ता करून देते," मॅडम म्हणाल्या.

चष्मेवाला अजून बाकाजवळच होता. उस्तादांनी त्याला बाजूला घेतलं. "ऐक. ती हॉस्पिटलची मला दे."

तो आधी गोंधळला, मग हसत सुटला. "काय उस्ताद! तुम्ही हॉस्पिटलची मागताय म्हणजे तुम्हाला मुक्कामीच हवीय. एवढं तर शिकलो तुमच्याकडून. नको, तुमच्या तोंडचा घास मी नाही घेणार."

"अरे, खरंच सांगतोय."

"तेच म्हणतो मी!"

उस्तादांनी तोंड उघडलं. डेपोत बायकोच्या दुखण्याचा कुणाला पत्ता नव्हता. अडचण कळली की तिथेच चेपतात, म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. तेवढ्यात चष्मेवाल्याचा फोन वाजला. "हो गं, मिळाली! आता रोज संध्याकाळी घरी. दोघांना मीच झोपवीन, तू पाय पसरून बस." त्याच्या घरी जुळी होती.

उस्तादांनी तोंड मिटलं.

पहिल्या मुक्कामाला गाडी लावली तेव्हा उजेड होता. प्रवासी उतरून गेले. उस्तादांनी घरी फोन लावला.

"जाऊन आलीस?"

"आले की."

"पहिली सीट मिळाली?"

"मिळाली."

"त्याला सांगितलंस, कुणाची कोण ते?"

"कशाला उगाच? तुम्हीच कुणाला सांगत नाही, मग मी कुठे बोलू!"

"त्रास झाला?"

"छे, अजिबात नाही. अगदी मजेत गेले आणि मजेत आले. तुम्ही माझी काळजी करू नका. तिकडे निवांत झोपा."

उस्तादांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि सवयीप्रमाणे मनात उलटं करून ठेवलं.

"मीही मजेत आहे," ते म्हणाले.

फोन खिशात टाकून ते उठले. दाराजवळच्या पहिल्या सीटवरची धूळ त्यांनी बाहीने पुसली, आणि खिडकीकडची जागा मोकळी सोडून कडेला बसले.