मंडईला गेलेला वर्ग

मंडईच्या दिवशी चोरखमारा तलावाच्या बाजूच्या आमच्या गावात दुपारनंतर शाळेत पोरं टिकत नाहीत. दिवाळीनंतरचा हा जत्रेसारखा बाजार. दुकानं लागतात, दंडारीचं नाटक उभं राहतं आणि पोरं कुंपणावरून पसार होतात. दुसऱ्या दिवशी मोठे गुरुजी खेमराज हे बेशरमाच्या झुडपाच्या ओल्या काडीने सगळ्यांचे तळवे लाल करायचे. मी मुळात तापट बाई, पण त्या तळव्यांकडे पाहून माझं डोकं काडीवरच फिरलं.

२००७ साली मंडईच्या दिवशी मी माझ्या चौथीच्या वर्गाला सरळ सांगून टाकलं की, जेवणाच्या सुट्टीत मंडईला जा, मात्र तीनला गणिताचा तास आहे, परत या.

गुरुजी पोट धरून हसले. एक जरी पोर आलं नाही, तर उद्यापासून काडी तुम्हीच चालवायची, म्हणाले. मी ताठ्यात हो म्हटलं.

पावणेतीन वाजले. वर्गात मी आणि बत्तीस दप्तरं. मंडईकडून ढोलकी वाजत होती. उद्या याच हातांवर छड्या मारायच्या? नको तो शहाणपणा केला, म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. गुरुजी काडी घेऊन उठले आणि पोरांना हाकलून आणायला निघाले.

ते गेले आणि मागच्या वाटेने धुरळा उडाला. पिपाण्या, फुगे, धनेंद्रच्या गालावर दंडारीचा रंग. टिंकू सर्वांत शेवटी, अर्धी जिलेबी तोंडात धरून. हजेरी घेतली, बत्तीसच्या बत्तीस. मी टेबल बडवून हसले आणि रडलेही. तासात एकही पिपाणी वाजली नाही. म्हणजे एकदा वाजली, पण ती मीच वाजवली.

साडेतीन झाले तरी गुरुजींचा पत्ता नव्हता. टिंकू म्हणाला, "मॅडम, गुरुजी दंडार पाहून राहिले. पहिल्याच रांगेत बसले."

चारला गुरुजी आले. टोपीवर गुलाल, हात रिकामे. उंबऱ्याबाहेरच थबकले.

"येऊ का, मॅडम?"

माझ्या जिभेवर चांगला झणझणीत टोमणा आला होता. पण रिंकी आधीच उठली.

"या ना, गुरुजी. तुमची हजेरी आमी कवाचीच लावली. तुमी येनारच होते."

गुरुजी आत आले. मागे जाऊन टिंकूशेजारी मांडी घालून बसले आणि त्याच्याकडे पाटी मागितली.