ज्योतीराम गप्प बसला

"ह्या खिशाला भोक कशानं पडलं हो?" शालनबाईंनी धुवायला घेतलेला सदरा नवऱ्यापुढे धरला.

सदरा मुलाचा, सयाजीचा होता. ज्योतीरामने दाढीचा ब्रश ठेवला, सदरा नाकाशी नेला आणि तोंडातला अर्धा किस्सा तिथंच राहिला. बार्शीकडच्या त्याच्या गावात मठाच्या ओट्यावर गोसावी चिलीम ओढत, तेव्हा हाच वास यायचा.

"गांजा हाय," तो म्हणाला.

शालनबाई बादलीशेजारी खालीच बसल्या. पोराचे डोळे लाल दिसायचे, ते अभ्यासाचं जागरण वाटायचं. संध्याकाळी निगडीच्या मोकळ्या प्लॉटांकडे फिरून आला की तो गुळाचा डबा रिकामा करायचा. भूक लागतेय म्हणून त्या उलट खूशच होत्या.

ज्योतीराम आकुर्डीच्या एका कारखान्यात रंगखात्यात होता. बोलण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या शिफ्टमध्ये नव्हता. कँटीनमध्ये तो बसेल त्या बाकावर दाटी व्हायची. सयाजी इंजिनियर होणार, हेही त्याने तिथंच जाहीर करून टाकलं होतं.

त्याचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला. शालनबाई म्हणाल्या, "मारलं तर पोरगं तिकडंच जाऊन बसंल. आधी कुणाला तरी इचारा."

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्याच्या दवाखान्यातल्या पद्मजा डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वेळेवर लक्षात आलंय. मारू नका. का ओढतो ते विचारा, आणि विचारल्यावर ऐका." मग त्या हसल्या. "मधे न बोलता. जमेल?"

"अवघड हाय," ज्योतीराम खरं तेच बोलला.

त्या संध्याकाळी तो सयाजीला घेऊन चिंचवडच्या नदीकडे निघाला. वाटेत शेंगदाणे घेतले. "तुझ्या सदऱ्याला गांजाचा वास येतोय. का ओढतोस, ते सांग," एवढं बोलून तो गप्प झाला. ओळखीचा पानवाला हाक मारून म्हणाला, "काय राव, तब्येत बरी नाही का?" ज्योतीरामने नुसता हात हलवला.

घाटावर बसल्यावर सयाजीलाच राहवेना. "आप्पा, मारणार आहात का?"

"न्हाई."

"मग बोलत का नाही?"

"तुझी पाळी हाय."

सयाजी शेंगदाणे सोलता सोलता बोलू लागला. दहावीला गणितात तो नापास झाला होता. बरोबरीची पोरं कॉलेजात गेली होती. "तुमच्या शिफ्टचं कुणी भेटलं की मला इंजिनियरसाहेब म्हणतं. मी गल्ली बदलून जातो. प्लॉटवरची पोरं काही विचारत नाहीत."

ज्योतीरामच्या जिभेवर चार उत्तरं आली. ती त्याने शेंगदाण्यांबरोबर गिळली.

"गणित मला आठवीपासूनच कळलेलं नाही," सयाजी म्हणाला.

"मग आठवीपासून बसू. मला तर त्याच्या आधीचंबी येत न्हाई."

सयाजीला हसू फुटलं.

शेजारच्या अरुंधतीबाई शाळेत शिकवायच्या. सयाजीच्या प्लॉटवर जायच्या वेळेलाच त्यांच्या ओसरीवर बापलेक पुस्तक घेऊन बसू लागले. पहिली शिफ्ट करून आलेल्या ज्योतीरामची उत्तरं अशी काही यायची की बाई पदर तोंडाला लावायच्या आणि सयाजी बापाला समजावता समजावता स्वतःच शिकून जायचा. कँटीनमध्ये ज्योतीरामने नवीन जाहीर केलं, "आमचा सयाजी काय होणार, ते तोच सांगंल. त्याला इंजिनियरसाहेब म्हणायचं न्हाई." मग सवयीप्रमाणे दुसरा किस्सा सुरू केला.

महिनाभर बरं चाललं. एकदा मात्र सयाजी शिकवणीला आलाच नाही. रात्री जेवणाच्या वेळी तो दारात उभा राहिला. डोळे लाल होते.

"आप्पा, आज ओढला," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

शालनबाईंच्या हातातला डाव थांबला. ज्योतीरामने जेवता जेवता सरकून पाटाशेजारी जागा केली. "ये. बस. काय झालं?"

सयाजी अडखळत सांगू लागला. ज्योतीरामपुढची आमटी पार निवून गेली, तरी त्याने पुन्हा ताटाला हात लावला नाही.