पहिली तीन मिनिटं

तिने माऊसवरचं बोट उचललं आणि चित्र थांबलं. पडद्यावर दोन डोळे होते. वर हिरवी टोपी, खाली मास्क, मध्ये फक्त डोळे. ते पिवळे होते.

आधी तिला राग आला तो कॅमेऱ्याचा. रंग बिघडायचेच होते तर नेमके आईंच्या तपासणीत बिघडावेत?

आई म्हणजे तिच्या सासूबाई. चार महिने त्यांच्या अंगातलं रक्त कुठे जात होतं, याचा पत्ता लागत नव्हता. वरून दुर्बीण घालून झाली, खालून घालून झाली, सीटी स्कॅन झाला. सगळं स्वच्छ, आणि हिमोग्लोबिन सात. शेवटी काल त्यांनी टपोऱ्या गोळीएवढा कॅमेरा पाण्याच्या घोटाबरोबर गिळला, कमरेला रेकॉर्डरचा पट्टा बांधला आणि ‘पोटात फोटोग्राफर आहे, नीट बोला माझ्याशी’ म्हणत दिवसभर घरात हिंडल्या. घाबरल्या की त्या असे विनोद करत.

ती सोळा वर्षं या दुर्बिणीच्या खोलीत तंत्रज्ञ होती. गोळीतला कॅमेरा डबीतून काढला की लगेच फोटो घ्यायला लागतो, त्यामुळे प्रत्येक फिल्मच्या सुरुवातीला हीच खोली असते. छत, कुणाचा तरी हात, पेशंटचे दात. ती पहिली तीन मिनिटं कुणीच बघत नाही. तीही ती न बघता पुढे ढकलायची. आज पेशंट घरचा होता. एकही चित्र सोडायचं नाही, असं ठरवून ती सकाळी बसली होती.

दुर्बीण आत घालण्याआधी पांढऱ्या गॉजच्या पट्टीसमोर धरायची आणि रंग जुळवायचे, हा इथला पहिला नियम. तिने सवयीने मागे जाऊन पांढरं शोधलं. आधीच्या चित्रात तिच्या तळहातावरचं गॉज होतं, लख्ख पांढरं. पुढच्या चित्रात तोंड उघडायच्या तयारीतल्या आई होत्या. त्यांचे डोळे निस्तेज होते, पण पांढरे. म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नव्हता. गोळीतला दिवा लुकलुकतोय का, हे बघायला तिने ती स्वतःच्या डोळ्यांपाशी धरली होती. तेव्हाचा हा फोटो होता.

ते डोळे तिचेच होते.

या खोलीत दिवसभर पडदे ओढलेले असत. घरी आईंना मोतीबिंदू, आणि आरशात नीट बघायला तिला सवड नव्हती; तिचे डोळे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. ‘माझ्या काळजीने वाळलीस गं,’ असं त्या म्हणायच्या आणि तिलाही ते पटलं होतं. रात्रंदिवस अंगाला सुटणारी खाज तिने जंतुनाशकाच्या माथी मारली होती, सैल झालेले कपडे धावपळीच्या. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. कावीळ आहे आणि पोट दुखत नाही, असा पेशंट आला की डॉक्टर गप्प होतात आणि पुढे बहुतेकदा गाठ निघते, हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं.

तिने पुन्हा बटण दाबलं आणि फिल्म पुढे चालू केली. दुसरं काय करावं, ते तिला सुचेना.

दोन तासांनी ती बाहेर आली. आई बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“सापडलं?”

“सापडलं. आतड्यात एवढासा लाल डाग आहे. तिथून रक्त झिरपतंय. लांब दुर्बीण घालून जाळतात तो.”

“गाठबीठ?”

“मला तरी दिसली नाही. डॉक्टर बघतीलच.”

आईंनी डोळे मिटले.

“फोटोग्राफरने नाव काढलं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. मग मान तिरकी करून, “तुझा आवाज का असा?”

“सकाळपासून बसलेय ना.”

“सगळ्यांच्या पोटात डोकावतेस आणि स्वतःच्या पोटात घास घालायला वेळ नाही. ये जेवायला.”

“आलेच,” म्हणून ती आत वळली.

डॉक्टर तिच्या खुर्चीवर बसून खूण केलेली चित्रं बघत होते.

“छान पकडलंत, ताई. हाच डाग. दुसरं काही नाही. आई सुटल्या.”

“अजून एक चित्र बघता का?” तिने वाकून फिल्म अगदी सुरुवातीला नेली.

डॉक्टर पुढे झुकले. चष्मा वर सरकवला.

“हा कुठला पेशंट? मला कुणी दाखवला नाही.”

तिने मागचं गॉजचं चित्र दाखवलं, मग पुन्हा डोळे.

“रंग बरोबर आहेत म्हणजे,” डॉक्टर म्हणाले. “यांना आजच बोलवून घ्या. सोनोग्राफी, सीटी, सगळं आजच. पोट दुखतंय का त्यांचं?”

“नाही.”

डॉक्टर गप्प झाले.

तिने टोपी काढली. मग मास्क खाली ओढला. डॉक्टरांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग ते उठले आणि खिडकीचा पडदा बाजूला केला. भर दुपारचं ऊन खोलीत आलं. सोळा वर्षं शेजारी उभं राहून काम केलेला माणूस तिच्या समोर आला आणि अंगठ्याने तिची खालची पापणी हलकेच ओढून बघत राहिला.

“सकाळपासून काही खाल्लंय?” त्यांनी विचारलं. रोज तपासणीआधी पेशंटला हा प्रश्न ती विचारायची.

“नाही,” ती म्हणाली. “महिना झाला, जेवणच जात नाही.”

“मग आता काही खाऊ नका.”

बाहेर बाकावर आईंनी तिच्यासाठी डबा उघडून ठेवला होता.