आज कोणी आलं होतं का?

आमच्या ह्यांचा सगळा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं आणि वेबसाइट काढली. तिच्यावर छोटे छोटे व्हिडिओ: "खालचा दोरा गुंततोय? घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही. वरचा दोरा काढा आणि पुन्हा ओवा." जाहिरातवाले मागे लागायचे, पण हे बधले नाहीत. म्हणायचे, "अडलेलं माणूस येतं इथे. त्याला दारातच धरून काय विकायचं?"

हे गेले आणि वेबसाइट मुलाकडे गेली. तो परगावी असतो. त्याने खुशाल जाहिराती घुसवल्या.

मी रोज दुपारी जेवण झालं की ह्यांचा आवाज ऐकायला बसायचे. तर आधी गुडघ्याचा पट्टा, मग पोट कमी करायची पावडर. बंद करायची फुली इतकी बारीक, की बोट ठेवावं तर भलतंच दुकान उघडायचं. एकदा तर ह्यांच्या तोंडावरच पाटी आली: "थांबा! जाऊ नका!" मेल्या, मी कुठे चाललेय? तूच कडमडलास मधे! चांगली मोठ्याने ओरडले. घरात ऐकायला आहे कोण?

मुलाला फोन लावला. "आधी त्या जाहिराती काढ."

"अगं, साइटच बंद करतोय. पूर्वी शेकड्याने लोक यायचे, आता चिटपाखरू फिरकत नाही. रोज एकच जण येतो, तोही तुमच्याच गावचा."

मला ब्रह्मांड आठवलं. "अरे, ती मीच रे."

तो म्हणाला, "मग व्हिडिओ तुझ्या फोनमधेच टाकून देतो ना, आई. हवे तेवढे बघ."

"नको. फोटो माझ्याकडे, चष्मा माझ्याकडे, कपाटभर शर्ट माझ्याकडे. सगळं माझ्याकडेच येऊन पडलंय. तिथे कोणी परकं माणूस येईल, ह्यांचं ऐकेल, त्याचं मशीन चालू होईल. तेवढं तरी राहू दे." बोलता बोलता रडूच फुटलं.

"बरं, काढतो जाहिराती. महिनाभर बघू. कोणी आलंच नाही तर मात्र बंद."

तेव्हापासून मी तिकडे गेलेली नाही. गेले तर मोजणीत मीच यायचे, आणि स्वतःलाच फसवायचं वय राहिलं नाही. पण दुपार काही केल्या सरत नाही. ह्यांचा आवाज ऐकावासा वाटतो, हात फोनकडे जातो. मग फोन उशीखाली कोंबते आणि उगाच भांडी पुसत बसते. संध्याकाळी मुलाला विचारते. रोज तेच उत्तर, कोणी नाही.

काल मात्र म्हणाला, "आला होता एक जण." आवाज बसलेला होता त्याचा. "दोरा गुंतल्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, आई."

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुठल्या गावचा, असं विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मुलाच्याच गावचा निघाला असता तर?