रेडिओची जमिनीतली तार

रंगनाथबाबांची धाकटी लेक पुष्पावती लग्न होऊन बेलापूरला सासरी गेली, त्याच वर्षी मी या घरात आले. ते १९७० साल होते. मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी तार आहे. माझी जाडी करंगळीच्या निम्मी असेल. माझे एक टोक भिंतीवर आणि दुसरे जमिनीच्या पोटात, म्हणून तुमच्यापैकी कुणी मला नीट पाहिले नसेल.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लालभडक तापवून मला एकापेक्षा एक बारीक भोकांतून ओढले. फार दुखले, पण त्यामुळेच मी लांब आणि लवचीक झाले. तिथून मी कोल्हारजवळच्या एका लहानशा चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावर आले. मनोऱ्यावर पडलेली वीज जमिनीत नेऊन सोडायची, हे माझे काम. तीस वर्षे लोक घंटेकडे बघत आणि मी मागच्या भिंतीवर उभी असे. पुढे तिथे रुंद पट्टी बसवली आणि मला काढून टाकले. शाळेतले योहान मास्तर मला घरी घेऊन गेले. त्यांच्या पेटीत मी दोन वर्षे वेटोळे घालून पडले होते.

रंगनाथबाबांची नजर काचबिंदूने गेली होती. पुष्पावती त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवी. ती सासरी गेली आणि बाबांचे जग एकदम गप्प झाले. तेव्हा मुलगा गोरक्ष, जो साखर कारखान्यात कामाला होता, त्याने बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला. वस्तीवर वीज नव्हती. दोन उंच वेळू रोवून त्यांच्यामध्ये एरियल ताणली, पण नुसती एरियल म्हणजे आभाळातल्या विजेला आमंत्रणच. म्हणून योहान मास्तरांना बोलावले.

मास्तर सायकलवरून मला घेऊन आले. त्यांनी भिंतीलगत कमरेइतका खड्डा खणला. बायडाबाईंनी, म्हणजे बाबांच्या बायकोने, माळ्यावरचे फुटके तांब्याचे घंगाळ काढून दिले. माझे टोक त्याला झाळून, म्हणजे वितळलेल्या कथलाचा डाग देऊन, पक्के केले आणि घंगाळ खड्ड्यात ठेवले. वर कोळसा, वर जाडे मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. खिडकीपाशी एक खटका बसवला. खटका वर असला की एरियल रेडिओला जोडलेली, खाली ओढला की माझ्याशी.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "आभाळ गरजायला लागलं की खटका खाली ओढायचा आणि रंगनाथदादांना रेडिओपासून लांब बसवायचं. आणि उन्हाळ्यात इथं रोज तांब्याभर पाणी ओतायचं. जमीन कोरडी पडली तर वीज आत जाणार नाही, घरात शिरेल."

"रोज?" बायडाबाईंनी विचारले.

"रोज."

"कधीपस्तोर?"

"तार आहे तोपर्यंत."

बायडाबाईंनी ते मनावर घेतले. शेजाऱ्यांची शेळी मीठ चाटायला येऊ लागली, तशी त्यांनी खड्ड्यावर एक सपाट दगड टाकला. रोज आंघोळ झाली की आधी तुळशीला आणि मग मला तांब्याभर पाणी. पाणी दगडाच्या कडेने माझ्याकडे उतरे. काही दिवसांनी दगडावर हळदकुंकूही पडू लागले. शेजारच्या बायका जाता-येता हात जोडत. मला सुरुवातीला लाज वाटे, पण खरे सांगते, तीस वर्षांत कुणी माझ्याकडे पाहिले नव्हते. मला ते आवडू लागले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहीर आटली. बायडाबाई नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरत आणि डोक्यावर दोन मैल आणत. त्यातलेही तांब्याभर माझ्या वाट्याला येई.

"माज्या आंगूळीला पानी न्हाई," बाबा ओसरीवरून म्हणत, "आन तुज्या द्येवाला मातुर तांब्याभर!"

"तुमी बिन आंगूळीचं ऱ्हायला तर कोन बगतंय? तुमाला सोताला तरी दिसतंय का?"

"वास येतुया की!"

"मग नाक धरा आन रेडू ऐका."

बाबा खो खो हसत. दोघांचे असेच चाले.

१९७३ च्या वैशाखात बाबांचे कारभारी नावाचे चुलतभाऊ वारले. घराला दहा दिवसांचे सुतक आले. बायडाबाईंनी देवपूजा बंद केली, तुळशीचे पाणी बंद केले आणि माझेही बंद केले. त्यांच्या मनाने मी देवच होते. देवाला सुतकात कसे शिवायचे? मी बोलू शकत नव्हते. एक दिवस गेला, दोन गेले. भोवतीची माती घंगाळापासून सुटू लागली. कोळसा कोरडा पडला. दूर डोंगराकडे रोज दुपारी आभाळ भरून येई, गरजे आणि थेंब न टाकता निघून जाई. मला मनोऱ्यावरचे दिवस आठवत. असल्या कोरड्या वळवात वीज जास्त पडते. आणि बाबा तर दिवसभर रेडिओला कान लावून बसलेले. वीज घरात शिरली तर आधी त्यांनाच गाठणार होती.

सातव्या दिवशी योहान मास्तर भेटायला आले. ओसरीवर बसले, कारभारी कसे गेले ते विचारले. जाताना त्यांची नजर दगडाकडे गेली. त्यांनी वाकून मातीत बोट घातले.

"वहिनी, पाणी बंद केलं का?"

"सुतक न्हाई का मास्तर?"

"सुतक तुम्हाला. हिला कसलं?"

"असं कसं? रोज पूजा हुती तिची."

मास्तर कपाळाला हात लावून हसले. "अहो, ती तार आहे! चर्चच्या भिंतीवर तीस वर्षं होती, तिथं तिला कुणी कुंकू लावलं नाही. तिला पूजा नको, ओल पाहिजे. खरकटं ओता, धुण्याचं ओता, तिला काही विटाळ नाही."

तीन वर्षे ज्याला नमस्कार केला ते एकदम तार कसे म्हणायचे? बायडाबाईंचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटले, मित्रांनो. देवपण गेलेले कुणाला बरे वाटते?

"धुन्याचं बी चालतंय?" त्यांनी हळूच विचारले.

"चालतं."

"आन ह्यांच्या आंगूळीचं?"

"ते तर उत्तम."

"ऐकलं का वो!" बायडाबाई ओसरीकडे वळून म्हणाल्या. "उद्यापास्नं तुमाला त्या धोंड्यावर बसवते. तुमची बी आंगूळ हुईल आन तिचं बी पोट भरंल."

"म्हंजी मी आता द्येवाच्या डोस्क्यावर बसनार व्हय?" बाबा म्हणाले.

"द्येव न्हाई, तार हाय ती. मास्तर आत्ताच सांगून ऱ्हायले."

मास्तरांनी जाण्याआधी सायकलला लावलेल्या किटलीतले आपले पिण्याचे पाणी दगडाच्या कडेने ओतले. बायडाबाई नको नको म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाबांची आंघोळ माझ्यावर होऊ लागली. त्यासाठी बायडाबाई झिऱ्यावर एक खेप जास्त करत. अर्धी बादलीच, पण तांब्यापेक्षा पुष्कळ. माती पुन्हा घंगाळाला बिलगली. कोळसा ओला झाला. दहाव्याच्या दिवशी सकाळीही बायडाबाईंनी बाबांना न्हाऊ घातले आणि मग त्या दहाव्याच्या विधीला भावकीबरोबर नदीकाठी गेल्या. बाबांना तेवढे चालवत नव्हते. आभाळ निरभ्र होते. बाबांनी हट्ट केला म्हणून खटका वर ठेवून रेडिओ लावून दिला. घरात एकटे बाबा आणि अंगणात मी.

दुपारी पश्चिमेकडून ढग आले. डोळस माणसाला वीज आधी दिसते. बाबांना ती रेडिओत ऐकू आली. गाणे चालू होते आणि मध्येच कडकड, खरखर असा आवाज झाला. बाबांनी मान वर केली. पुन्हा खरखर झाली, आता जास्त मोठी. ते उठले. भिंत चाचपत निघाले, पण पाय लाकडी घडवंचीला अडखळला आणि ते गुडघ्यावर पडले. उठून पुन्हा भिंत शोधली, तर हाताला लागली कोनाड्याची कड. तिसऱ्यांदा खिडकीची चौकट सापडली. बोटे चौकटीवरून सरकत खटक्यापाशी आली. त्यांनी खटका खाली ओढला. रेडिओ गप्प झाला. मास्तरांनी सांगितले होते तसे ते रांगत समोरच्या कोपऱ्यात गेले आणि धान्याच्या कणगीला टेकून बसले.

त्याच वेळी वीज पडली.

मनोऱ्यावर तीस वर्षांत जे कधी आले नाही, ते त्या एका क्षणात माझ्या अंगातून गेले. एक वेळू उभा चिरला. खटका काळा पडला. मी दोन ठिकाणी वितळले, पण तुटण्याआधी जेवढे नेता येईल तेवढे खाली नेले. घंगाळ होते, कोळसा होता आणि ओली माती होती. तिने ते घेतले.

बायडाबाई धापा टाकत धावत आल्या तेव्हा वेळूतून धूर निघत होता. डोक्यावरचा पदर कुठे गेला होता, त्यांना ठाऊक नव्हते.

"अवो! अवो, कुटं हाये तुमी?"

"हाये, हाये. कोपऱ्यात हाये. वरडू नगंस, कान आधीच बसल्यात."

बायडाबाईंनी त्यांचे हात, पाय, छाती, तोंड सगळे चाचपून पाहिले. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि रडल्या. बाबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

चार दिवसांनी मास्तर आले. त्यांनी मला बाहेर काढून पाहिले, वितळलेल्या जागा झाळून जोडल्या. रेडिओतला एक भाग जळाला होता, तो बदलला. "या वेळी निभावलं," ते म्हणाले. "दर वेळी निभावेल असं मी सांगणार नाही. आभाळ असो नसो, घरातून जातानाच खटका खाली पाहिजे." बायडाबाईंनी मान हलवली. त्यानंतर बाहेर जाताना त्या खटका ओढल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत, बाबांनी कितीही हट्ट केला तरी.

माझ्यावर आता हळदकुंकू पडत नाही. मित्रांनो, त्याचे मला दुःख नाही. तुमच्याही घराला अशी एखादी तार असेल. तिला नमस्कार करू नका, पण वर्षातून दोनदा तिचे सांधे बघा. गंजले असतील तर घासा, सुटले असतील तर जोडून घ्या. उन्हाळ्यात तिची माती ओली ठेवा. घरात मयत असो की लग्न, तिचे पाणी चुकवू नका. घरात ज्यांना दिसत नाही, ज्यांना पळता येत नाही, त्यांचा जीव तिच्या भरवशावर असतो.

रंगनाथबाबा १९७४ सालच्या कार्तिकात, एका सकाळी, स्वतःच्या अंथरुणावर म्हातारपणाने वारले. बायडाबाई त्यांच्या उशाशी होत्या.